उस्तादांची खराद

आमच्या घरी गाडी नाही, पण गाडीसाठीचा पोर्च आहे, आणि गेल्या वर्षीपर्यंत त्या पोर्चवर माझं राज्य होतं. कुंड्या माझ्या, उन्हाळ्यात बटाट्याच्या चिप्स वाळत घालायची चादर माझी, संध्याकाळची खुर्चीही माझी. मग एका मंगळवारी दुपारी दारात लोडिंग रिक्षा उभी राहिली आणि चार माणसांनी तिच्यातून गंजलेलं एक लोखंडी धूड खाली उतरवलं. आमचे हे, म्हणजे कृष्णराव घाडगे, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्या धुडाच्या पुढेपुढे "सावकाश भिया, सावकाश" करत चालले होते. आमच्या लग्नात त्यांनी माझी एवढी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"खराद आहे. लाकूड फिरवून कातायची. महूला एका भंगारवाल्याकडे पडली होती."

"मग तिथेच बरी होती की!"

"कुमुद," हे म्हणाले, "ही उस्तादांची आहे."

मी कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या.

उस्ताद म्हणजे गोपीनाथ मिस्त्री. शहात्तर साली आमचे हे एकोणीस वर्षांचे असताना एका ओतकामाच्या कारखान्यात लागले, तेव्हा तिथल्या पॅटर्न शॉपचे मुख्य मिस्त्री. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची असेल, तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच जरासा मोठा घडवावा लागतो. किती मोठा, ह्यासाठी बाकीचे मिस्त्री मापाची वेगळी पट्टी वापरायचे. उस्ताद पट्टीला हात लावत नसत. खरादीवर अंगठा टेकवायचे, पटाशी लावायची, आणि काम बिनचूक. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी ह्यांच्या तोंडून दुसरं काही ऐकलंच नाही.

माझ्या सासऱ्यांना हे काम पसंत नव्हतं. खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर बसायचे आणि हा रोज डोक्यात भुसा घेऊन घरी येतो, असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम होत नसे. बारा वर्षं हे उस्तादांच्या डाव्या बाजूला उभे राहिले. उस्ताद ह्यांना किसना म्हणायचे, चुकलं की गधा म्हणायचे, आणि दुपारच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता ह्यांच्या पुढ्यात सरकवायचे.

अठ्ठ्याऐंशीला पीथमपूरच्या एका नव्या कंपनीत स्टोअर्सची नोकरी चालून आली. पँटशर्टची, टेबलखुर्चीची, कंपनीच्या बसने जायची. सासरे मागे लागले, आणि खरं सांगते, मीही लागले. दसऱ्याला खरादीची पूजा झाल्यावर ह्यांनी उस्तादांना सांगितलं की, उद्यापासून येत नाही. उस्ताद भांडले नाहीत. पेढा हातात तसाच ठेवून म्हणाले, "ठीक आहे, कृष्णरावजी."

त्या दिवसापासून सदतीस वर्षं तेच. लग्नाकार्यात भेट झाली की उस्ताद हात जोडायचे, "कसे आहात कृष्णरावजी, बसा, जेवून जा." इतक्या अदबीने, की हे ताटावरून अर्धपोटी उठायचे. माणसाने चार शिव्या घालाव्यात, निदान पाठ तरी फिरवावी. उस्तादांनी ह्यांना पाहुणा करून टाकलं होतं. घरी आल्यावर हे बूट काढत नुसते बसून राहायचे. मग मला माझीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून मी चिडायचे.

तर ती खराद. हे रोज सकाळी सातला जुनी बंडी चढवून पोर्चमध्ये जायचे. महिनाभर नुसता गंज काढला, डिझेल लावून आणि तारेचा ब्रश मारून. माझा सगळा स्वयंपाक डिझेलच्या वासात झाला. पोह्यांनासुद्धा पेट्रोलपंपाचा वास यायला लागला, तेव्हा मी एकदा कढई आपटली. त्याने काही फरक पडला नाही.

मग रंग खरवडायची वेळ आली आणि माझंही मन तिकडे ओढलं गेलं. पॅटर्न शॉपची रीत अशी होती की, खंडेनवमीला खराद पुसायची, गोदामात जो उरला असेल तो रंग तिला लावायचा आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं. त्यामुळे तिच्यावर रंगांचे थरच्या थर. हिरव्याखाली लाल, लालाखाली आभाळी. हे पातळ पात्याने एकेक पापुद्रा सोडवायचे आणि मला हाक मारायचे. "हा आभाळी शहाऐंशीचा बघ. निधी झाली ते साल. उस्तादांनी पूर्ण दुकानाला कचोरी खिलवली होती." एका थराच्या पोटात हळदीचं पिवळं बोट तसंच्या तसं होतं. कुणाचं कोण जाणे. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत पायरीवर बसून राहिलो. मला त्या दिवसांची आठवण आली, जेव्हा हे घरी यायचे आणि मी ह्यांच्या केसांतला सागाचा भुसा झटकायचे. पीथमपूरहून ह्यांच्या केसांत काहीच यायचं नाही.

निधी, आमची मुलगी, विजय नगरला कंपनीत काम करते. तिने ह्यांच्या मोबाइलवर परदेशी दाढीवाल्यांचे व्हिडिओ लावून दिले. तेही बिचारे आपापल्या गॅरेजात अशीच जुनी यंत्रं नवी करतात. हे चष्मा लावून, वही घेऊन पाहायचे. एका दाढीवाल्याने सांगितलं की, खरादीवर पटाशी टेकवायची जी आडवी लोखंडी पट्टी असते, तिची कड वापरून खडबडीत होते. ती कानशीने घासून आरशासारखी गुळगुळीत करा, म्हणजे हत्यार अडकणार नाही. आपल्या पट्टीच्या कडेवर बारीक बारीक खाचा होत्याच. ह्यांनी दोन दिवस खपून त्या पार घासून काढल्या. मला बोट फिरवायला लावलं. "कशी झाली?" लोण्यासारखी झाली होती, मी तसं सांगितलं.

शेवटी तळातला मूळ करडा रंग सापडला, तोच नवा आणून दोन हात दिले. मोटार बसवली. दसऱ्याच्या आधी खराद अशी उभी राहिली, की निधी म्हणाली, "पप्पा, मस्त! ड्रॉइंग रूममध्ये ठेवण्यासारखी झालीय." मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग हे छत्रीबागेत उस्तादांना बोलवायला गेले. उस्ताद अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांना आता नुसता उजेड आणि अंधार कळतो. ह्यांना एवढंच हवं होतं, की उस्तादांनी एकदा त्या खरादीवर हात ठेवावा आणि पुन्हा पहिल्यासारखं बोलावं. आदल्या दिवशी ह्यांनी मला तीनदा विचारलं, "येतील ना गं?" मी तिन्ही वेळा हो म्हटलं, आणि मनातून मलाही धाकधूक होती.

निधीने त्यांना गाडीतून आणलं. पांढरा सदरा, हातात काठी, गालांची पार खोबणी झालेली. "नमस्कार कृष्णरावजी. वहिनी, तुम्हाला तकलीफ दिली." पुन्हा तीच अदब. ह्यांनी त्यांचा हात धरून खरादीपाशी नेलं. उस्तादांनी तिचं डोकं चाचपलं, चाक फिरवून पाहिलं, कान लावला. चेहरा जरा उजळला. "आवाज तोच आहे." मग त्यांचा अंगठा त्या पट्टीवर आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला.

"कृष्णरावजी, ही पट्टी दुसरी लावली?"

"नाही उस्ताद. तीच आहे."

"मग खाचा?"

"घिसल्या होत्या म्हणून मी कानशीने साफ केल्या."

 उस्तादांनी हात पट्टीवरून उचलला. मला वाटलं, आता उस्ताद पुन्हा हात जोडणार आणि गाडी मागवणार.

"गधे!" उस्ताद ओरडले. शेजारच्या गच्चीवरचे लोक वाकून पाहायला लागले. "अरे गध्या, ती घिसाई होती? सात खाचा मी स्वतः पाडल्या होत्या! लोखंडाचं, पितळेचं, सगळं वाढीव माप त्याच्यात होतं! बारा साल माझ्या बाजूला उभा होता, डोळे काय भट्टीत टाकले होते?"

"तुम्ही कधी सांगितलं नाही उस्ताद."

"सांगणार होतो!" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "त्या दिवाळीनंतर तुझ्याच हाताने पाडून घेणार होतो, नवीन पट्टीवर. पट्टी आणून ठेवली होती रे. तू दसऱ्यालाच निघून गेला."

हे खाली बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मलाही राहवलं नाही. ती नोकरी घ्या म्हणून मी ह्यांच्या किती मागे लागले होते, ते एकटी मीच जाणत होते. मी पदराने तोंड दाबून दारातच उभी राहिले.

उस्तादांनी पट्टीवर पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तिकोनी कानस आहे?"

"आहे."

"मग बसला काय? ऊठ. अंगठा लाव इथे. माझा नको, माझा आता सुकला, त्याचं माप गेलं. तुझा लाव. पूरा नाही, नखाच्या मुळापर्यंत. आता एक बाल जास्ती, केसभर. हां. मार निशाण."

दुपारचे अडीच तास ते चाललं. उस्ताद खुर्चीत, माझ्याच खुर्चीत, आणि हे वाकून, गुडघ्यांचं नावही न काढता. प्रत्येक खाच झाली की उस्ताद तिच्यात नख घालून पाहायचे. चौथी जरा तिरकी गेली, तर त्यांनी ह्यांच्या मनगटावर फटका मारला. मी चहा केला तो तसाच निवला, दुसरा केला तोही निवला. पाचवीनंतर उस्ताद दमले. उरलेल्या दोन उद्या, म्हणाले, आणि मला हाक मारून भाकरी मागितली. मी पोळ्या केल्या होत्या, तव्यावर पुन्हा ज्वारीची टाकली. त्यांनी ती मोडली आणि अर्धी हातानेच चाचपत ह्यांच्या ताटात ठेवली.

निधी त्यांना सोडायला गेली. हे पोर्चच्या पायरीवर बसले होते, हात काळे, डोक्यात लोखंडाचा कीस. मी बाजूला जाऊन बसले. हे मग माझ्याकडे वळून, लहान पोराने बक्षीस दाखवावं तसे म्हणाले,

"ऐकलंस ना गं? मला गधा म्हणाले."