लॉजवाल्याला कोण समजावणार?

मित्रहो, आज अकोल्यात आमचा फुटबॉलचा सामना उशिरा सुरू झाला. कारण सांगतो.

आमचा नायजेरियन स्ट्रायकर सॅम्युएल बूट काढून मैदानाबाहेर बसला. "कॉन्ट्रॅक्ट में सबको एक जैसा कमरा लिखा है. मुझे लॉज के पीछे स्टोअर-रूम में क्यों? काला हूँ इसलिए?"

मॅनेजर काका दुखावले. "आमी रंग पाहतो का रे? लॉजवाला म्हणे, बाकीचे गिऱ्हाईक कुरकुर करतात. म्या म्हटलं, वाद कायले!"

आम्हीही त्यालाच म्हणत होतो, दोन दिवस ॲडजस्ट कर ना भाऊ.

तेवढ्यात आमचा गोलकीपर गजू ग्लोव्हज काढून त्याच्याशेजारी जाऊन बसला. "सकाळपासून सारे यालेच समजावून राहिले. लॉजवाल्याले समजवायले कोण गेलं?"

कोणीच गेलं नव्हतं.

काकांनी सॅम्युएलचे बूट उचलून त्याच्या हातात दिले. "चुकलं बेटा माह्यं. आज माह्या घरी चाल." लगेच घरी फोन लावला.

काकू एवढंच म्हणाल्या, "आणा त्याले. पण बाकीचे पोरं त्याच लॉजवर राहतीन का?"

आता आम्ही सगळेच बॅगा भरतोय. काकूंच्या जुन्या शहरातल्या घरी खोल्या दोनच आहेत. तिथे जवळपास कोणाकडे जास्तीच्या सतरंज्या आहेत का?