बोंडखोलचं कडवं

बाबाजीच्या बशीत तिकीट काढलं की गाणं फुकट. तेही शिळंपाकं नाही. कालपरवा कुणीतरी डिचोलीच्या नाहीतर पेडण्याच्या घरात बसून केलेलं, त्याच्या आईबापांनीही अजून धड न ऐकलेलं.

बस गोकुळदासची, बाबाजी तिचा कंडक्टर. बशीचं नाव 'सातेरी प्रसन्न'. लाटंबार्शाहून डिचोली आणि पुढे साखळी, अशी ती दिवसभर ये-जा करते आणि रात्री वस्तीला जाते बोंडखोलला. बोंडखोल म्हणजे लाटंबार्शाच्याही आत, डोंगराशी रस्ता संपतो तिथे. गोकुळदासचं गाव तेच, बाबाजीचंही तेच. बाबाजी अंगाने काटकुळा, पोटात जेवण कमी आणि गाणी जास्त. त्याची बायको सिंधू शेजारणींना सांगायची, "देवान ह्येका दोन कान दिले, पण घराकडे एकूय उघडो नाय."

पूर्वी बशीत जुनी सिनेमाची गाणी वाजायची. ऐकून ऐकून ती इतकी झिजली होती की गाणारीण दम कुठे घेते तेही लोकांना पाठ. मग एकदा बाबाजीचा पेन ड्राइव्ह बिघडला. तुयेच्या वसाहतीत औषधाच्या कारखान्यात कामाला जाणारा रुद्रेश त्या दिवशी बशीत होता. त्याने आपला काढून दिला. त्यात इथल्याच पोरांची गाणी होती. गिटार घेऊन रुसणारे, घुमट हे मडक्याचं वाद्य वाजवत प्रेमाचं गाणारे, आणि पेडण्याचा एकजण तर हिपहॉप म्हणून सबंध गाणं एका श्वासात बोलणारा. पहिल्या सीटवर प्रभावतीकाकी बसली होती, बोंडखोलची, साखळीला भाजी विकणारी. ती म्हणाली, "ह्या झिलाक कोणी पाणी दिया रे."

पण चार दिवसांनी तिनेच विचारलं, "तो पाण्याबगरचो आज नाय?"

तिथून बाबाजीला नाद लागला. डिचोलीत कुणी बँड काढला, साखळीत कुणी शब्द जुळवले, की त्याचा फोन वाजायचा. गाणं पास-नापास ठरवायची त्याची रीत साधी होती. उभ्या माणसाला कुठलंच गाणं आवडत नाही, त्याला फक्त बसायला हवं असतं. म्हणून नवं गाणं लावायचं ते डिचोलीला गर्दी उतरल्यावर. मग माणसं बघायची. खिडकीबाहेर बघणारा आत बघायला लागला तर पास. फोनवर बोलणाऱ्याने "मागीर करतंय" म्हणून फोन ठेवला, तर पहिल्या वर्गात पास.

'शेवटचो स्टॉप' या जोडीचं गाणं असंच पास झालं. जोडी म्हणजे हा रुद्रेश आणि लाटंबार्शाची सुविधा. ती साखळीला मोबाइलच्या दुकानात कामाला, रोज याच बशीने जाणारी. शब्द तिचे, घुमट रुद्रेशचं. घुमटाच्या मध्ये मध्ये बशीची बेल, दारावरची थाप, आणि खुद्द बाबाजीचा आवाज. हा त्यांनी त्याच्या नकळत फोनवर घेतला होता.

*लाटंबार्से सुटली, दारार लोंबकाळ,*
*डिचोले पावली, जाली सकाळ,*
*साखळे उतरता, पाय दुखता,*
*कंडक्टर म्हणता, फुडें सर मरे, फुडें सर!*

सगळी बस खदखदून हसली. पुढच्या कडव्यांत वाटेवरचा एकेक थांबा यायचा, आणि ज्याचा थांबा येई तो असा सावरून बसे की जणू लग्नात त्याचं नाव पुकारलंय. दोन दिवस लोकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. तिसऱ्या दिवशी प्रभावतीकाकीने एकेक बोट दुमडत थांबे मोजले, शेवटचं बोट तसंच धरून ठेवलं आणि विचारलं, "बाबाजी, आमचो गाव खंय?"

बाबाजीने मनातल्या मनात गाणं सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. बोंडखोल नव्हतं. आपला गाव आपल्यालाच आठवला नाही, हे त्याला अधिक लागलं.

"वडाचो थांबो आसा," काकी म्हणाली. "थंय माणूस रवना, वड रवता. तेका गाण्यात जागो. आनी आमका काय घाटावयले समजूचे?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट देवळाच्या पायरीवर पोचली, आणि पायरीवरून गोकुळदासच्या अंगावर. तुझ्याच बशीत तुझ्याच गावाक जागो नाय, असं चारचौघांनी त्याला ऐकवलं. तो तडक बशीकडे आला.

"रविवारी स्पीकर काडतलंय," तो म्हणाला. "बिनगाण्याची बस बरी."

"पात्राव, गाण्याची चूक. स्पीकराची काय?"

"गाणा माझ्या हातात नाय. स्पीकर आसा."

मालकाला तिकडे पात्राव म्हणतात, आणि पात्रावाशी वाद घालत नाहीत. बाबाजी घरी जाऊन जेवायला बसला. सिंधूने आमटी वाढताना त्याच्याकडे दोनदा पाहिलं. हा गुणगुणत नसला की तिला करमत नसे. त्याला दिसत होतं, सोमवारपासून नुसतं इंजिन ऐकायचं. त्या पोरांचं काय? फोनवर माणूस गाणं एकटा ऐकतो, कानात इअरफोनची बोंडं घालून. बशीत चाळीस तोंडांवर गाणं उमटलेलं दिसतं. ते दुसरीकडे कुठे दिसणार?

दुसऱ्या दिवशी साखळीला बस लागताच तो सुविधाच्या दुकानात गेला. "बाय, बोंडखोल घाल गो."

"काका, गाणा इंटरनेटार चडला. आता कसा घालू? आनी तुमच्या गावात आसा तरी काय? मी कधी बघूक नाय. माझो थांबो आधी येता, मी उतरतंय."

यात तिचा दोष नव्हता. बोंडखोलला बोंडखोलचीच माणसं जातात.

"मगे रविवारी उतरू नको," बाबाजी म्हणाला. "बसान रव. तिकीट माझा."

रविवारी परतीच्या फेरीला सुविधा आपल्या थांब्यावर उतरली नाही. शेजारी रुद्रेश, त्याच्या मांडीवर घुमट. चालवायला प्रमोद, हा चंदगडकडचा. त्याने आरशातून बघून घेतलं आणि गाडी डोंगराकडे वळवली. बोंडखोलला फणसाखाली बस वळते, तिथे सगळा गाव जमला होता. बस थांबताच तिच्या पायरीवर गोकुळदास येऊन बसला, हातात स्क्रू ड्रायव्हर.

पोरं कडवं करायला आली म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी काहीतरी आलंच.

"आमच्या झरीचा पाणी घाल."

"मोर घाल. सकाळी मोर वराडता."

"माझी नात बारावीक पयली इली, ती घाल."

"ती तुझ्या घरात पयली, गावात नाय."

"एका कडव्यात पंचायत बसूची नाय हो," सुविधा म्हणाली.

मग प्रभावतीकाकी बोलली. "बस नाय होती तेव्हा काजूच्या बोंडवांची पाटी डोक्यार घेवन मोठ्या रस्त्यापर्यंत चलत जावचा लागा. थंय पोचासर अर्दी बोंडवां चिड्डलेली, रस मानेर. बाजारात आमका कोण गाव विचारी नाय, वासानच वळखत. मगे ह्या गोकुळदासान बस हाडली, आनी बस आमच्याकडेच निजाक लागली."

गोकुळदास स्क्रू ड्रायव्हरने नखं साफ करू लागला.

सुविधा फोटो काढायला बशीच्या पुढे गेली. तिथून तिचा आवाज आला, "काका, पाटयेर बोंडखोल खंय?"

सगळे उठून पुढे गेले. पाटीवर लाटंबार्से होतं, डिचोली होतं, साखळी होतं. बोंडखोल नव्हतं. बस गावात आली तेव्हापासूनची ती पाटी. पण आपल्या दारातल्या बशीची पाटी वाचतो कोण?

सगळ्यांनी गोकुळदासकडे पाहिलं. "पेंटरान सांगला, जागो नाय," तो पुटपुटला.

"पेंटराक जागो नाय," काकी म्हणाली, "आनी ह्या चेडवाक मात्र जागो आसाक होयो."

"मला वाटलं, तुमच्याकडं गावाचं नाव लपवून ठेवायची पद्धत हाय," प्रमोद म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा गोकुळदासच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

रुद्रेशने घुमटावर थाप मारली. सुविधा पायरीवर चढली आणि पाटीकडे बोट दाखवत बोलू लागली:

*पाटयेर नाव नाय, नकाशार नाय,*
*मोबायलाक इचार, तेका ठावक नाय.*
*बोंडवांचो वास खंयसून येता?*
*दिसभर धावान बस खंय निजता?*

"बोंडखोलाक!" असं पहिलं कोण म्हणालं ते कळलं नाही. दुसऱ्या खेपेला सगळा गाव म्हणाला. तिसऱ्या खेपेला फणसावरचे कावळे उडाले आणि प्रभावतीकाकीने भाजीची रिकामी पाटी उलटी करून बडवायला घेतली. रुद्रेशने ते सगळं फोनवर घेतलं, कावळ्यांसकट. तेच कडवं पुढे गाण्याला शेवटी जोडलं.

बाबाजी मात्र गावाकडे बघत नव्हता, स्क्रू ड्रायव्हरकडे बघत होता. गोकुळदास उठला, बशीत शिरला, स्पीकर हाताने हलवून पाहिला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर बाबाजीच्या हातात दिला.

"स्पीकराचे स्क्रू ढिले झालेहत," तो म्हणाला. "कडव्यात खडखडता. घट कर."

बाबाजीने ते इतके घट्ट केले की आता तो स्पीकर काढायचा तर बसच मोडावी लागेल.

पुढच्या आठवड्यात नवी पाटी आली. पेंटरला या वेळी गोकुळदासने समोर उभं राहून जागा दाखवली होती. बोंडखोल असं ठसठशीत आलं की लाटंबार्से कोपऱ्यात अंग चोरून बसलं. सकाळी बस लाटंबार्शाला थांबली. पहिलाच माणूस चढता चढता खाली उतरला, पुढे जाऊन पाटी वाचून आला आणि दारात उभा राहिला.

"काय रे बाबाजी," तो म्हणाला, "आमचो गाव एवडोसोच?"

"फुडें सर मरे, फुडें सर," बाबाजी म्हणाला. त्याने बेल मारली आणि गाण्याचा आवाज वाढवला.