घशाला लागणारं तेल

ओमानमधल्या रुवीतल्या आमच्या इमारतीत कुणी मासळीची पिशवी घेऊन जिना चढू लागलं, की आपा दारामागूनच विचारत, "बांगडा कालचा काय रे?" बांगडा कालचाच असे. आमटी त्या कधी चाखत नसत. झाकण उघडून वास घेत आणि मीठ कमी आहे म्हणून सांगत. मिठाला वास नसतो, असं मी एकदा शहाणपणानं म्हटलं. "तुझ्या नाकाला नसंल," असं उत्तर मिळालं.

आपा रत्नागिरीकडच्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहून माझ्यासारख्या एकट्या माणसांना डबे देत. पंप दुरुस्त करत ओमानभर हिंडणारा मी त्या डब्यामुळेच माणसांत होतो. मग एका तापात त्यांचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. एकदा आंबलेली डाळ डब्यात आली, एकदा पातेल्यासकट दूध जळालं. मुलगा म्हणाला, "अम्मा, आता डबे बंद. गावी जाऊन आराम कर."

"वास गेला, हात नाय गेलं," आपा म्हणाल्या. रोज पहाटे त्या लवंग, हिंग, कोकम, लसूण ओट्यावर मांडून हुंगायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "काय नाय. उद्या बघू." हे 'उद्या बघू' महिनोन्महिने चाललं. मला तर कधीकधी त्यांचा रागच यायचा. हटून बसण्यालाही काही मर्यादा असावी! डबा मात्र मी सोडला नाही.

ऑलिव्हच्या हंगामात जबल अख्दरच्या डोंगरावर सैफ नावाच्या शेतकऱ्याचा पंप बिघडला. हवापालट होईल म्हणून मी आपांनाही गाडीत घातलं. सैफकडे अजून जुन्या पद्धतीनं तेल काढतात. दगडी चाकाखाली ऑलिव्हचा लगदा होत होता. तो गोल चटयांवर पसरून चटयांची चवड दाबाखाली पिळत होते. कडेनं काळपट पाणी गळत होतं आणि त्यावर हिरवं तेल तरंगत होतं. "आमच्या गावचा खोबरेलाचा घाणा आठवला," आपा म्हणाल्या आणि सवयीनं वाकून त्यांनी वास घेतला. मग नुसत्याच उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

सैफनं वरचं तेल चमच्यानं काढून गरम रोटीवर ओतलं. "खाओ अम्मा, ताजा है." आपांनी निर्विकारपणे घास चावला, गिळला आणि एकदम ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर माझा हात त्यांनी ढकलला.

"पाणी नको! लागलं मना! घशाला लागलं!"

सैफ हसला. नवं तेल असंच घसा धरतं, म्हणाला. आपांनी दुसरा घास मागितला, पुन्हा ठसका, मग तिसरा. रडत होत्या की खोकत होत्या, कळत नव्हतं. परतताना तेलाची बाटली मांडीवर होती. "नाक बंद हाय, पण घर उघडं हाय," एवढंच बोलल्या.

तेव्हापासून हुंगण्याआधी एक चमचा तेल. तेलानं काही होत नाही, डॉक्टर म्हणाले. "नाय तं नाय," आपा म्हणाल्या आणि चमचा चालू ठेवला.

एके दुपारी कामावर असताना त्यांचा फोन आला. "तुझ्या डब्यातली डाळ खाऊ नको. करपली हाय. घरभर वास येतोय मना!"

ती डाळ मी बोटं चाटून संपवली. इतकी कडू डाळ पुन्हा कुणी मला खाऊ घातली नाही.

काही वर्षांपूर्वी आपा गावी गेल्या, त्याही स्वतःच्या मर्जीनं, डबे मन भरेपर्यंत करून. हंगामात सैफकडची बाटली कुणाबरोबर तरी मी पाठवतो. पोचल्याचं मला विचारावं लागत नाही. फोन वाजतो, आधी ठसका ऐकू येतो आणि मग आपा.