मुंगीचा जन्म

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील गेले तेव्हा मी दापोलीला कॉलेजात होते. ते एसटीत ड्रायव्हर होते. मंडणगडच्या रस्त्यावरची सगळी वळणं त्यांना तोंडपाठ होती. मला त्यांचा फार अभिमान होता. आजही आहे, आणि तो झाकून ठेवायची मला सवय नाही.

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथं प्राण गेला तिथं तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जे उमटलं असेल त्यावरून गेलेल्याला पुढचा जन्म कोणता मिळाला ते ठरतं. पाखराचं पाऊल दिसलं तर बायका हात जोडतात. गाईचा खूर उमटल्याच्याही गोष्टी मी ऐकल्या होत्या. टोपलीखाली गाय मावली कशी, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांच्या पिठावर एक बारीक वाकडी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला मुंग्या अजून कामात होत्या. मुंबईहून कार्यासाठी आलेले थोरले काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "किडामुंगीचा जन्म आला. येणारच. किरिस्तावाच्या मढ्याला खांदा दिलान, त्याचं फळ."

पिठाला मुंग्या लागतात, हे एवढ्या जाणत्या माणसांत एकालाही सुचलं नाही. काकांनी आईला बजावलं, की त्या पापाची शांती करून घे, नाहीतर तो त्याच योनीत अडकेल आणि तुझी त्याची गाठ पुन्हा पडायची नाही.

खांद्याची गोष्ट खरी होती. आमच्या शेजारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहायच्या. वाडीत ख्रिस्ती घर ते एकच. आदल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले, तेव्हा पेटी उचलायला माणसं कमी पडली. बाकीचे आपापल्या पडवीतून बघत होते. वडील ड्युटीवरून आले ते खाकी कपड्यांतच पुढे झाले आणि चिखलातून थेट दफनभूमीपर्यंत त्यांनी खांदा सोडला नाही.

काकांचं बोलणं आईच्या जिव्हारी लागलं होतं. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून ती दर वर्षी वडाला दोरा गुंडाळायची. शांती करावी तर नवऱ्यानं पाप केलं हे कबूल केल्यासारखं, आणि न करावी तर तो कायमचा हातचा जायचा. दुपारी सिस्टर भेटायला आल्या, तेव्हा तिनं काकांचं बोलणं त्यांना सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुमच्यात कसं असतं, सिस्टर?"

"आमच्यात परत जन्म नाही, वहिनी. एकदाच जगायचं. मग शेवटच्या दिवशी सगळे देवासमोर उठतील. ज्याची त्याची ओळख तशीच राहते."

"म्हणजे तुमचे मालक तुम्हांला भेटतील?"

"भेटतील. पण तिथं कुणी कुणाचा नवरा नाही, कुणी कुणाची बायको नाही. तसं शास्त्रातच लिहिलंय."

आई विचारात पडली. "आमच्यात नवरा मिळतो, पण मागल्या जन्माचा हाच तो, ते कळत नाय. तुमच्यात कळतं, पण तो नवरा राहत नाय."

"देवानं दोघींनाही अर्धंच दिलंय बघा," सिस्टर म्हणाल्या, आणि सुतकाच्या घरात दोघी विधवा चक्क हसल्या. आतून काका खाकरले.

मग सिस्टरांनी आईचा हात धरला. "हे माझ्यापायी झालं. करून टाका शांती. मला वाईट वाटायचं नाही."



तेराव्याला सगळे जमल्यावर काकांनी भटजींपुढे शांतीचा विषय काढला. आई सहसा त्यांच्यासमोर बोलत नसे. तिनं पदर सारखा केला आणि उंबऱ्यात उभी राहिली. ती काय बोलते याची मला धास्ती वाटत होती. सिस्टर खाली मान घालून अंगणात बसल्या होत्या.

"भावजी, शांती व्हायची नाय. मुंगी झाले असतील तर मुंगी. मुंगी आपल्यापेक्षा मोठं ओझं उचलते, आणि कुणाचं हाय ते विचारत नाय. मी त्यांना बरोब्बर ओळखीन."