इशरतचे तीन विषय

औंढ्यात देवळामागच्या गल्लीत जलालुद्दीन मणियारांचं घर होतं. ते बांगड्यांची पेटी घेऊन आसपासचे बाजार करीत आणि त्यांची बायको चाँदबी गावातल्या बायकांचे हात भरी. या घरातली मुलगी हैदराबादला जाऊन बी. ए. करील असं कुणी म्हटलं असतं, तर गल्ली हसली असती. पुढे ती खरोखरच गेली, तेव्हाही गल्ली हसलीच.

इशरत हिंगोलीच्या शाळेत हुशार निघाली. हैदराबादेत कारकुनी करणारे तिचे मामू, खाजा मिया, यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि मुलींच्या कॉलेजात घातलं. तिथं शिकवणं सगळं उर्दूतून. तिनं तीन विषय घेतले: मआशियात, नफ्सियात आणि फलसफा. म्हणजे अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान.

“तीन काहून?” सुट्टीत घरी आल्यावर चाँदबीनं विचारलं. “एकावर भागत न्हाई का?”

“अम्मी, बाई बांगड्या घेते. तिला त्या परवडतात का, हे एक शास्त्र. परवडत नसताना का घेते, हे दुसरं.”

“आन् तिसरं?”

“मुळात घ्याव्यात का, हे तिसरं.”

जलालुद्दीन पेटीतला भुसा झटकत होते. म्हणाले, “दोनच शिक बेटा. तिसऱ्यानं आपलं दुकान बसंल.”

पण गिऱ्हाइकाच्या घरी पाणी प्यायला थांबले की ते स्वतःच तिन्ही विषयांची नावं सांगत, एकेक अक्षर जपून, काचेचा डझन मोजून द्यावा तसं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात शहरातलं वातावरण बिघडलं, म्हणून मामूंनी इशरतला औंढ्याला आणून सोडलं. शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. मागोमाग खेड्यापाड्यांत सुडाचे जे दिवस आले, त्यांत जलालुद्दीन बाजाराला गेले ते परतले नाहीत. ओढ्याकाठी सापडले. गावच्या उकंडराव पाटलांनी स्वतःच्या गाडीतून त्यांना घरी आणलं आणि माती होईपर्यंत दारात उभे राहिले.

चाँदबी इद्दतीत बसली. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने आणि वर दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. तिची बहीण हलीमा डोंगरकड्याहून सोबतीला आली. दिवाळी तोंडावर होती, घरातलं धान्य तळाला गेलं होतं, आणि वर्षातली खरी विक्री दिवाळीचीच. बायकांना दारी बोलावता आलं असतं. अडचण दुसरीच होती. विधवेच्या हातानं सवाष्ण चुडा भरून घेत नाही. वीस वर्षं ज्या हातानं गावाचे हात भरले, तो आता चालणार नव्हता.

इशरतचा चालला असता. तिचं लग्न अजून व्हायचं होतं. पण दिवाळीनंतरही घर पेटीवरच चालणार; ती पेटीपुढे एकदा बसली की उठणार कधी? मामूंचा निरोप आला होता, कॉलेज उघडतंय, दिवाळी झाली की ये, नाहीतर नाव कमी होईल.

तेव्हा इशरतनं पडदा लावला. जुन्या चादरीचा, मधल्या खोलीच्या दाराला. गल्लीत सांगून आली की अम्मी आत बसलेली असते, तिचं तोंड सणासुदीला कुणाला दिसू नये म्हणून हा पडदा. हलीमाखालाचा नवरा जिवंत आहे, ती आतून बांगड्या भरील. हात तेवढा आत घालायचा.

“बरं केलंस, पोरी,” बायका म्हणाल्या. “शिकल्याली हाईस, समजतं तुला.”

हलीमा शेतकऱ्याची बायको. तिला बांगडी भरता येत नव्हती, बोलता मात्र भरपूर येत होतं. पडद्याआड ती गप्पा मारी आणि तिच्याशेजारी बसून चाँदबी मुकाट्यानं हात भरी.

“झाकून झाकत न्हाई गं हे,” चाँदबी पहिल्याच दिवशी म्हणाली.

“अम्मी, वहीम डोळ्यांत असतो. दिसलं नाही तर तो उठत नाही. चार महिने सगळ्यांचं नीट चाललं, की मी येऊन सगळ्यांना सांगीन, बघा, याच हातानं भरल्या होत्या. मग कोण काय म्हणेल?”

“आन् तवर खोटं?”

याचं उत्तर तिसऱ्या विषयात होतं. इशरतनं ते काढलं नाही. परीक्षा तिला हवी होती, फार हवी होती.

चार-पाच दिवस बराबर चाललं. गल्लीतली गोजरबाई आली, तिच्या जावा आल्या. इशरत बाहेर बसून रंग दाखवी. गाडीभाड्यापुरतं सुटलं की निघायचं, असं तिनं ठरवलंही.

वसुबारसेला पाटलांच्या द्वारकाबाई आल्या. हिरव्या काचेचा नमुना पसंत करून त्यांनी डावा हात पडद्यात घातला. आत हलीमा म्हणत होती, “पाटलीणबाई, यंदा ज्वारी कशी हाय?” द्वारकाबाईंनी हात ढिला सोडला. त्यांचा अंगठा आत वळवला गेला, मुठीखालचं हाड हलक्या हातानं दाबलं गेलं, आणि बांगडी सरकली. गेली वीस वर्षं त्यांचा हात असाच दाबला गेला होता.

नफ्सियातच्या वर्गात डोळे बांधून, बोटांवर कर्कटकाची टोकं टेकवून इशरतनं स्वतः प्रयोग केला होता. न बघता कातडीला किती कळतं, ते तिला पाठ होतं. ते तिला आत्ता आठवलं.

“चाँदबी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

हलीमा थांबली. हातावर चारच बांगड्या चढल्या होत्या.

“पुरा भर. अर्ध्या हातानं मी घरी जात नसते.”

आत काच किणकिणत राहिली. उजवा हातही त्यांनी स्वतःहून पुढे केला. हात भरून झाल्यावर मणियारणीला नमस्कार करतात, तसा पडद्याला केला. मग पदर सावरून इशरतकडे वळल्या.

“तू केलंस हे?”

“हो काकी. अम्मीच्या हातात काय बदललंय? सांगा तुम्ही.”

“काही न्हाई बदललं.”

“मग?”

“मला सून हाय, रूपा. उद्या तिच्या नवऱ्याला ताप आला, तर माझ्या मनात पयल्यांदा चाँदबी यील. मी तोंडानं बोलणार न्हाई, पण मनात यील. दुसऱ्या बाया बोलतील. तुझ्या बापाची माती आमच्या गाडीनं आली, पोरी. मला तुझ्या आईला शाप द्यायचा न्हाई. मी कुठं बोलत न्हाई. पर यापुढं तू भर. तुझ्या हातानं समदं गाव भरून घील, मी सांगते.”

त्या गेल्यावर इशरतनं बाहेरचे नमुने पेटीत भरले. भांडायला तिला कुणी उरलं नव्हतं. द्वारकाबाई दुष्ट असत्या, तर ती पडदा तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असती.

“तू जा,” आतून चाँदबी म्हणाली. “आमी दोघी कायबी खाऊ.”

“काय खाल?”

“खाऊ कायबी.”

“अम्मी, ते ‘कायबी’ दाखवा मला घरात.”

इशरतनं चादर उतरवली, घडी घातली आणि आईपुढे येऊन बसली. “अंगठा कसा वळवायचा, दाखवा.” चाँदबीनं लेकीचा हात हातात घेतला आणि तिला रडू कोसळलं. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची सून आली. रूपाबाई पंधरा-सोळा वर्षांची होती, हात मऊ. इशरतनं पेटी पुढ्यात ओढली. पहिल्या दोन बांगड्या वाढल्या, काचा तिनं बाजूला सारल्या. तिसरी सरकली.

“तुमी हैदराबादला शिकता म्हणं,” रूपाबाई कौतुकानं बघत होती. “सासूबाईंनी सांगितलं. तीन-तीन इषय. परत कधी जाणार?”

इशरतनं तिचा अंगठा तळव्याकडे वळवला.

“हात ढिला सोडा,” ती म्हणाली. “नाहीतर तकलीफ होईल.”