हजेरीपटावरची सत्ताविसावी

पन्नासच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत ठाण्याच्या आमच्या शाळेची तपासणी झाली. त्या दिवशी मला घरी राहायला सांगितलं होतं. मी शाळेत गेले.

मी नववीत होते. घर माजिवड्याला, आईवडील मिठागरावर कामाला. आदल्या दिवशी इंग्रजीच्या मास्तरांनी इंग्रजीत कच्चे म्हणून आम्हा पाच जणांना उभं केलं. "उद्या तपासणीचे साहेब जाईपर्यंत तोंडं दाखवू नका." वर्ग हसला. दहावीला इंग्रजी तेव्हा ऐच्छिक असे; पुढच्या वर्षी या पाच जणांचं इंग्रजी बंद, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

आई म्हणाली, "जा तू. शाला काय त्यांचे बापाची हाय?"

बाकीचे चौघे आले नाहीत. मी मागच्या बाकावर बसले. शेजारची कुजबुजली, "अगं, मेलीस तू आज!"

धडा फायनाइट आणि नॉन-फायनाइट क्रियापदांचा, आठवडाभर घोटलेला. वाक्यं ठरलेली, उत्तरं देणारी मुलंही ठरलेली. साहेबांनी मधेच स्वतःचं वाक्य फळ्यावर लिहून त्यातलं फायनाइट कोणतं, नॉन-फायनाइट कोणतं, ते विचारलं : शी वेन्ट टु द वेल टु फेच वॉटर. एकही हात वर गेला नाही. मी उभी राहिले.

"खाली बस," मास्तर म्हणाले.

मी बसले नाही. इंग्रजीत सांगता येत नव्हतं, म्हणून मराठीत सांगितलं. 'वेन्ट' फायनाइट. ती रोज जात असेल तर त्याचं 'गोज' होईल. 'टु फेच', म्हणजे पाणी 'आणायला', हे नॉन-फायनाइट. ती काल गेली, आज जाते, उद्या आम्ही सगळ्या जाऊ. 'आणायला' मात्र 'आणायला'च राहतं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "पण हे इंग्रजीत सांगायला शीक."

"शिकू दिलं तर शिकेन."

साहेबांनी हजेरीपट मागवला. पटावर हजर सव्वीस. त्यांनी डोकी मोजली. सत्तावीस भरली. माझ्या नावापुढे 'गै' होता. हजेरी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

"उशिरा आली, साहेब," मास्तर म्हणाले.

"मी प्रार्थनेला होते," मी म्हणाले. "काल आम्हा पाच जणांना येऊ नका सांगितलंय."

साहेबांनी 'गै' तांबड्या शाईनं खोडला, 'ह' लिहिला आणि शेजारी सही केली.

जूनमध्ये दहावीच्या इंग्रजीच्या यादीत माझं नाव होतं. बाकीच्या चौघांची नव्हती.