आडवं न आलेलं कुत्रं

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "टिबिया प्लॅटो फ्रॅक्चर आहे." नडगीचं हाड वर गुडघ्याला मिळतं तिथे त्याला एक सपाट बैठक असते. शरीराचं सगळं वजन तिच्यावर येतं. माझ्या डाव्या पायातली ही बैठक मोडून खाली खचली होती.

शेजारी माझे यजमान उभे होते. कोपराला एक चिकटपट्टी, बाकी ठणठणीत. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं! अंबडच्या अलीकडचा रस्ता, उन्हाळ्यातली दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घनसावंगीकडे ह्यांच्या मित्राच्या शेतात त्याच्या नातवाचं जावळ होतं. बायका मटणाच्या पंगतीत आणि पुरुष विहिरीमागे, बर्फाच्या टबाभोवती. निघताना मी म्हणाले, जरा आडवे व्हा, उन्हं कलली की निघू. हे म्हणाले, बियरनं काय होतं, ती काय दारू आहे का? आमच्याकडे दारू पिणारा वाईट असतो, बियर पिणाऱ्याला नुसतं गरम होत असतं. मग मोटरसायकल, मागे मी बसलेली, सरळ रस्त्यावर हळूहळू डावीकडे गेली आणि पुलाच्या कठड्याला धडकली. ब्रेक लागलाच नाही.

ऑपरेशन लगेच होईल असं मला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सूज उतरल्याशिवाय कापता येत नाही, जखम भरणार नाही. तोवर पाय उशांवर चढवून पडून राहायचं. सिस्टर सारखी येऊन पायाची बोटं हलवायला सांगायची. कंपार्टमेंट सिंड्रोम होऊ नये म्हणून. म्हणजे पायात आतल्या आत दाब वाढतो, रक्त पोचत नाही, आणि वेळेत कळलं नाही तर पाय गमवावा लागतो. दुखणं अचानक वाढलं, बोटं बधिर वाटली, तर लाजू नका, आरडाओरडा करा. मी केला. सिस्टर रागावली नाही.

राग मला येत होता, तो भेटायला येणाऱ्यांचा. जालन्यात माणूस आजारी पडला की आमचा अख्खा मस्तगड भाग बिस्किटं घेऊन लोटतो. प्रत्येकाला हे कुत्रं सांगायचे. आधी ते नुसतं कुत्रं होतं. मग काळं झालं. पुढे त्याच्यामागे दुसरं धावत आलं. सासूबाई तर हातवारे करून ते कुठल्या बाजूनं आलं ते दाखवायच्या. घरी त्यांनी मीठ-मिरच्या घेऊन मुलाची दृष्ट काढली. मोडला माझा पाय, दृष्ट ह्यांची! आमच्या खालच्या कापड दुकानातल्या भाभी हळहळल्या, आजकल कुत्ते बहुत हो गए. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. सासूबाईंसमोर नवऱ्याला उघडं कसं पाडायचं, हा प्रश्न होता. आपल्याला लाजही दुसऱ्याच्या वाट्याची वाहायची सवय असते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हे डबा घेऊन आले. मागे आमची सायली, अकरावीतली, क्लासवरून ह्यांच्याच गाडीवर बसून आलेली. हे उशी सारखी करायला वाकले आणि मला वेलदोड्याचा वास आला. वेलदोड्याखालचा वासही आला.

मी हळूच विचारलं. म्हणाले, "टेन्शन किती आहे मला. एकच घेतली, बियर."

माझा पाय उशांवर, हाताला सलाइन. पोरीला पुन्हा ह्याच गाडीवर बसवून हे घरी नेणार होते. सासूबाई होत्या, भाभी होत्या. कुणाची भीड धरायची आता?

"कुत्रं बिलकुल न्हाई आल्तं," मी म्हणाले. "हे पिऊन चालवत होते. आन् आज बी पिऊनच आलेत, पोरीला मागं बसवून."

हे पांढरेफटक पडले. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "मंग मला कुत्रं कामून सांगितलं? मी गावभर सांगत हिंडले."

त्यांनी हात पुढे केला आणि गाडीची किल्ली मागून घेतली. सायली भाभींबरोबर रिक्षानं गेली. संध्याकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी त्यांनाही खरं सांगितलं. ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बियर की देशी, हे मेंदूला कळत नाही. नजर मंदावते, हात उशिरा चालतो. लिंबू, ताक, चहा, कशानंही उतरत नाही. त्याला वेळच लागतो."

आता पायात प्लेट आणि स्क्रू आहेत. बरेच आठवडे नॉन वेट बेअरिंग होतं, म्हणजे पाय जमिनीला लावायचाच नाही. मग वॉकर, मग काठी. मांडी घालून बसणं अजून जमत नाही, बहुतेक जमणारही नाही. चारचौघांत इज्जत घालवली म्हणून हे महिनाभर माझ्याशी तुटक बोलले. बोलू देत. तुम्ही मागे बसणाऱ्या असाल तर एवढंच सांगते, वास आला की गाडीवर बसूच नका. रुसवा निघतो, गुडघा पूर्ववत होत नाही.

आभार डॉक्टरांचे आहेतच, पण खरे सासूबाईंचे. किल्ली तेव्हापासून त्यांच्या कनवटीला असते. पन्नाशीचा मुलगा गाडी मागायला आला की त्या म्हणतात, "तोंड इकडं कर." परवा रविवारी ह्यांनी तोंड फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "रिक्षानं जा." आदळआपट करत हे जिना उतरले, पण रिक्षानंच गेले, आणि जेवायच्या वेळेला स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी आले.